बोळातल्या लोखंडी दांडीची मोहीम

ही हकीगत लिहूच नये, असा चिरंजीवांचा प्रथम विचार होता. कारण तीत त्यांची फजिती पुष्कळ आणि पराक्रम बेताचा. परंतु खरे ते दप्तरी असावे, सबब लिहिले.

घरात शिरताच जो अरुंद बोळ लागतो, त्या मुलखावर चपलांच्या प्लायवुडी कपाटाचा अंमल बारा वर्षे चालला. त्याचे एक दार निखळलेले, दुसरे उघडावे तर घराचे दार अडावे, ऐसी बेबंदशाही माजली. मग चिरंजीवांनी मोबाईलवर चित्रे पाहिली आणि मनी धरिले की बोळ इंडस्ट्रियल स्टाइलचा करावा. भिंत राखाडी, दिवा तारेच्या पिंजऱ्यात, आणि भिंतीस काळ्या लोखंडी पाइपाची दांडी, तीवर कोट, छत्र्या, पिशव्या टांगाव्या. मातोश्रींनी अर्ज ऐकिला, बिनपायांच्या टेबलापासून चिरंजीवांची अर्धवट कामे एकेक मोजून दाखविली, आणि फर्मान काढिले की रविवारी संध्याकाळपावेतो दांडी वजन पेलती जाहली तर उत्तम. नाही तर कपाट पुन्हा गादीवर, आणि चिरंजीवांनी या घरात हातोडी धरू नये ती कायमची.

कुमकेस चिरंजीवांचे जिवलग दोस्त वेल्डरराव आले. गेट आणि ग्रील यांत मातबर, पाइपात कोरे. पण ते कबूल करतील तर शपथ. शनिवारी भिंत रंगली, दिवा टांगला, आणि उभयतांनी फत्ते झालीच ऐसे समजून चहा घेतला.

रविवारी सकाळी दोन लोखंडी एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेले जोड, भिंतीस जखडले, आणि मग मधला पाइप त्यांच्या आट्यांत बसवू गेले. उजवीकडे पिळावा तो डावीकडे सुटे. डावीकडे पिळावा तो उजवीकडे हातात येई. ऐसा उजवा-डावा रणसंग्राम जेवणापर्यंत चालला, पाना दोनदा पायावर पडला, आणि उभय वीर घामाघूम, नामोहरम जाहले. मग वेल्डररावांनी मसलत दिली की सरळ वेल्डिंग मारून टाकू.

तोच खिडकीजवळच्या खुर्चीतला पेपर खाली आला. पेपरामागे तीर्थरूप होते. तीस वर्षे कारखान्यात पाइप फिटर, आणि निवृत्त होऊन आठ महिने त्याच खुर्चीत मुक्काम.

"दोन्हीकडचे आटे एकाच दिशेने आहेत. मध्ये युनियनचा जोड लागतो, तो घट्ट केला की पाइप न फिरवता बसतो."

चिरंजीव म्हणाले, "बाबा, सकाळपासून बघताय ना? मग सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी?"

चिरंजीवांनी पाना खाली ठेविला. मग हळूच विचारिले, "जोड आहे का हो आपल्याकडे?"

तीर्थरूप उठले. पलंगाखालून पेटी ओढिली, तेलकट फडक्यातून जोड काढिला, आटे पाडायची डाय काढिली, आणि वेल्डररावांच्या टेम्पोतला पाइप आवळून धरायचा व्हाइस आणविला. पाइप मधोमध कापिला, नवे आटे पाडिले, आणि चिरंजीवांस हुकूम जाहला की धर, हलवू नको, आणि तोंड कमी चालव. मग सवयीने प्रत्येक जोडास दोरा गुंडाळू लागले. चिरंजीवांनी अर्ज केला की यातून पाणी जायचे नाही, कोट टांगायचे आहेत. तीर्थरूप वदले की गळका जोड आपण आयुष्यात बसविला नाही. येणेप्रमाणे ती दांडी जलरोधक जाहली.

संध्याकाळी मातोश्रींनी जातीने परीक्षा घेतली. चार कोट, तीन छत्र्या, बटाट्यांची भरली पिशवी टांगिली, आणि वर दोन्ही हातांनी स्वतः लोंबकळून पाहिले. दांडी तसूभर हलली नाही. हुकूम जाहला की दिसते गोदामासारखे, पण पक्के आहे, राहू द्या. तीर्थरूप पाण्याचे निमित्त करून बोळातून चारदा गेले आणि दर खेपेस जोडावर बोट फिरवून आले. कपाट पदच्युत होऊन भंगारात गेले. मोहीम फत्ते, दप्तरी दाखल.

वेल्डरराव निघताना जिन्यात थबकले आणि सांगू लागले की पाइपाच्या रेलिंगचे मोठे काम आलेय, हो म्हणून बसलोय, जमेल ऐसे वाटत नाही. काका येतील काय?

"सोमवारी नऊला शेड उघडी ठेव," चिरंजीव म्हणाले. "घेऊन येतो. आणि शब्द देतो, पुढचे आठ महिने त्या खुर्चीवर मी बसेन, पण त्यांना बसू देणार नाही."