तीन पंगती आणि दामूसर

दामूसर कुणाच्याही घरी गेले, की चहाआधी विचारायचे, "तुमच्यात कुणाचं कुणाशी पटत नाही?" आणि उत्तर लांबलं, की खूश व्हायचे.

नगरला आमच्या शेजारी राहणारे हे कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक. एकटेच असायचे. माझ्या लग्नात त्यांना पर्वणीच मिळाली. साल दुष्काळाचं. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "सर, पंगती तीनच. चवथीला पानी न्हाई." आणि आमच्या गोतावळ्यात एकमेकांचं तोंड न बघणारे ढीगभर! चुलतबहिणीच्या लग्नात पाथर्डीची आत्या राहुरीच्या मामांना समोर बघून भरल्या ताटावरून उठली होती. माझ्या लग्नात तसं झालं तर सासरी काय तोंड दाखवणार?

सरांनी अंगणात रांगोळी मागवली. माणूस म्हणजे ठिपका, भांडण म्हणजे रेघ. रेघेच्या दोन्ही टोकांना एकच रंग नको. पंगती तीन, म्हणून रंग तीन.

"दोनच पंगती असत्या, तर जमतंय की नाही ते चुटकीसरशी सांगितलं असतं," सर म्हणाले. "तीन म्हटलं की घोळ. झटपट, हमखास अशी रीत जगात कुणालाच ठाऊक नाही."

मी कॉलेजात एक वर्ष काढलेली, म्हणजे सर्वज्ञ. "त्यात काय एवढं?" म्हणत पदर खोचला. भराभर लाल, पिवळा, हिरवा. शेवटी एकच ठिपका उरला : होणाऱ्या सासूबाई, आमच्या नात्यातल्याच. त्यांच्या रेघा तिन्ही रंगांना!

"त्यांना उपास सांगू या का?"

सर पोट धरून हसले. मग पुसलं, रंगवलं, परत पुसलं. उन्हं कलली तेव्हा ओरडले, "जमलं! कुसुम, तपास. तपासायला सोपं, शोधायला महाकठीण!"

मी एकेक रेघ बघत गेले. सगळं बरोबर. कडेला मात्र एक ठिपका, बिनरेघेचा, बिनरंगाचा.

"हा कोण?"

"मी. कुठंही बसव. सगळ्यात सोपा ठिपका."

मी चिमूटभर रांगोळी घेतली आणि माझ्या ठिपक्यापासून त्यांच्यापर्यंत ठसठशीत रेघ ओढली. "आजपासून तुमचं-माझं पटत नाही."

सरांनी वाकून रेघ तपासली. मग म्हणाले, "म्हणजे आता मला तुझी पंगत चालायची नाही!"

लग्नाच्या दिवशी माझी पंगत शेवटची. सर दुसऱ्या पंगतीत मान वळवून बसले, चांगले ऐटीत. मी समजूत काढायला जिलबी घेऊन गेले.

दोनदा "नको" म्हणाले, रुसलेल्या सोयऱ्यासारखे. मग ताट पुढं केलं.