मेट्रनबाईंची दहा बोटं

मेट्रनबाईंनी बाळंतिणींच्या वॉर्डावर उभा जन्म काढला. त्यांच्या काळी त्या वॉर्डाच्या दारापाशी एक नळ, एक साबण आणि स्वतः बाई असत, आणि या तिघांना चुकवून आत जाणं माशीलाही जमत नसे. मोठमोठ्या डॉक्टरांना त्यांनी "कोपरापर्यंत धुवून या" म्हणून दारातून परत पाठवलेलं. निवृत्तीनंतर हा सगळा दरारा एकट्या नवऱ्याच्या वाट्याला आला. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. आख्खी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणे. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बारीक चक्रं जुळवलेला माणूस, त्यामुळे मान खाली घालून ऐकून घ्यायची सवय दांडगी.

मग साथ आली आणि बाईंना घरबसल्या पुन्हा ड्यूटी लागली. भाजी साबणात, नाणी साबणात, दाराची कडी उठता-बसता साबणात. वर्तमानपत्र आधी उन्हात पडे, मग इस्त्रीखाली जाई, आणि घड्याळजींच्या हाती येईपर्यंत शिळ्या बातम्या चांगल्या कडक झालेल्या असत.

"अहो, आपल्या घरात विषाणू आलाच ना, तर तोही आधी पाय पुसेल," बाई अभिमानाने म्हणत.

त्यातच सातासमुद्रापलीकडून लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. लग्नानंतर किती वर्षांनी, आणि तेही असल्या दिवसांत.

"आई, तू येशील ना गं?"

"हे काय विचारणं झालं? जगाची बाळंतपणं काढली मी, आणि तुझं परक्यांवर सोपवू?"

"पण तुझ्याकडे पासपोर्ट कुठे आहे?"

"त्यात काय मोठंसं? सरकारकडून आख्ख्या वॉर्डाच्या चादरी बदलून घेतल्यात मी. पासपोर्ट तर एवढासा असतो. बाळाला पहिल्यांदा दुपट्यात मीच गुंडाळणार, लिहून ठेव."

एवढासा पासपोर्ट, पण त्याचं कार्यालय काही केल्या उघडं सापडेना. अर्धे कर्मचारी अर्धा आठवडा येत. त्यांतला एक खोकला की उरलेले घरी आणि दाराला कुलूप. तारीख मिळे, पुढे जाई, रद्द होई. लेकीच्या पोटात बाळ वाढत होतं आणि इथे नुसती वाट वाढत होती. शेवटी एकदाची तारीख टिकली. बाई घरून दोनदा आणि कार्यालयाच्या दारात एकदा हात धुऊन ठसे देणाऱ्यांच्या खिडकीशी गेल्या.

काचेपलीकडच्या मुलीने यंत्र पुढे सरकवलं. बाईंनी बोट ठेवलं. यंत्राने लाल दिवा दाखवला. दुसरं बोट, लाल. तिसरं, लाल.

"आजी, जरा दाबून ठेवा."

"अगं, आता यंत्राच्या पलीकडून बाहेर निघेल बोट."

मुलीने काचेपलीकडूनच बाईंना पंजा उजेडात उलटासुलटा करायला लावून पाहिला. "आजी, तुमच्या बोटांवर ठसेच उरले नाहीत. पार झिजलेत. काय काम करता तुम्ही?"

"हात धुते."

"दिवसभर?"

"नाहीतर काय, वार लावून?"

रांगेत मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी आपली पिशवी हळूच भिंतीकडच्या हातात घेतली. ठसे नसलेल्या माणसाचा काय भरवसा!

अर्ज लटकला. ठसे उमटले की पुन्हा या, असं सांगून मुलीने बाईंना परत पाठवलं. त्वचेच्या डॉक्टरांनी फोनवरच निकाल दिला: साबण बंद, पाणी बंद, मलम चोपडायचं, सुती हातमोजे घालायचे आणि काही म्हणजे काही करायचं नाही. बोटांवरची कातडी आपसूक भरून येईल.

घराचा कारभार घड्याळजींच्या हाती गेला. भांडी घासायची त्यांची रीत निराळीच होती. कुकर आधी पूर्ण खोलायचा. शिट्टी, रबर, मूठ, स्क्रू असं एका बशीत ओळीने मांडायचं. एकेक भाग दातांच्या जुन्या ब्रशने घासायचा, फुंकर मारायची, पुन्हा जोडायचा, आणि शेवटी कुकर कानाला लावून नीट चाललाय ना ते ऐकायचं. सकाळची भांडी अशाने दिवेलागणीला आवरत. बाईंनी पहिले काही दिवस खुर्चीत बसून सूचना दिल्या. मग घसा बसला. मग त्यांनी ठरवलं की बघायचंच नाही, म्हणजे जिवाला त्रास नको. आणि त्या आतल्या खोलीत डोळे मिटून पडून राहू लागल्या. लेकीचा फोन आला की तेवढ्या उठत. "झालं का गं पासपोर्टचं?" या प्रश्नाला "होतंय" म्हणत, आणि हातमोजे घातलेले हात पदराखाली लपवत.

अशात अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहतो की नाही ते पाहायला चौकीतून हवालदार आले. शिरस्त्याप्रमाणे त्यांनी आधी समोरच्या शिकवणीवाल्या बाईंचं दार वाजवलं.

"समोरच्या बाईंना ओळखता?"

"न ओळखून काय करते? चार घरं पलीकडे आवाज जायचा त्यांचा."

"जायचा म्हणजे?"

"हल्ली जात नाही. दिसतही नाहीत कुठे. झाडलोट, भांडी, कपडे, सगळं घड्याळजीच करतात आता. काल तर बाईंचे कपडे वाळत घालताना गाणं गुणगुणत होते."

हवालदारांचं पेन थांबलं. "गुणगुणत होते?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

हवालदारांनी गल्ली ओलांडली. दार घड्याळजींनीच उघडलं. पुढे ओला एप्रन, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, हातात स्क्रूड्रायव्हर.

"बाई कुठे आहेत?"

"आत. पडून आहेत."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. डॉक्टर म्हणाले, आता आपल्या हातात काही नाही, वाट बघायची."

"कशाची?"

"बोटं परत येण्याची."

हवालदारांनी त्यांना हाताने बाजूला सारलं आणि ते तडक आत गेले. खोलीत पडदे ओढलेले, मलमाचा उग्र वास. पलंगावर बाई उताण्या, तोंडाला मुखपट्टी, पांढऱ्या हातमोज्यांतले दोन्ही हात छातीवर जुळवलेले. हवालदारांनी सावकाश टोपी काढली, ती पलंगाच्या कडेवर ठेवली आणि ते मान खाली घालून उभे राहिले.

बाईंचा एक डोळा उघडला.

"बूट," बाई म्हणाल्या.

"अं?"

"बूट बाहेर काढायचे. आणि ती टोपी उचला माझ्या चादरीवरून."

हवालदार उलट्या पावली बाहेर आले ते थेट पायरीवरच टेकले. घड्याळजींनी पाणी दिलं. ते पिऊन होईपर्यंत हवालदारांनी कागदावर शिक्काही मारला. "राहतात," ते म्हणाले. "शंका घ्यायला जागा नाही. तुम्ही मात्र गुणगुणणं जरा कमी करा."

त्यानंतर कार्यालयाला पुन्हा एकदा कुलूप लागलं, पुन्हा उघडलं. लेकीचे दिवस भरत चालले होते. आता मिळालेली तारीख हुकली तर पुढची बाळाला दात आल्यावरच मिळणार, हे बाईंना दिसत होतं. बोटांवर आता बारीक रेघा उमटल्या होत्या. घड्याळजींनी भिंग लावून एकेक तपासली होती आणि "चालू आहेत" असा निर्वाळा दिला होता. बाई हात खिशात जपून ठेवल्यासारखे पदराखाली घेऊन निघाल्या, आणि कार्यालयाच्या फाटकात पहारेकऱ्याने पिचकारीची बाटली रोखली.

"हात पुढे करा."

बाईंनी हात मागे नेले. त्या तीव्र औषधाने कोवळ्या रेघांचं काय होईल या विचारानेच त्यांना धडकी भरली. "मी घरून स्वच्छ करून आणलेत."

"सगळे असंच म्हणतात. हात पुढे."

"नाही करणार."

रांग कुजबुजू लागली. "शिकल्यासवरलेल्या दिसतात, आणि बघा." "अशांमुळेच पसरतं." तेवढ्यात रांगेतून एक ओळखीचा आवाज आला.

"मेट्रनबाई? तुम्ही? आणि हात धुवायला नाही म्हणताय?"

बाईंनी वळून पाहिलं. कधीकाळी शिकाऊ असताना नखं वाढली म्हणून ज्या पोरीला त्यांनी वॉर्डातून रडत घरी पाठवलं होतं, तीच आता केस पिकलेली परिचारिका होऊन समोर उभी होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. त्यांनी तिला जवळ बोलावून खालच्या आवाजात सगळं सांगितलं. लेक, बाळ, झिजलेली बोटं, सगळं.

परिचारिका आधी पोट धरून हसली. मग तिने आपल्या पिशवीतून रुग्णालयातले रबरी हातमोजे काढले आणि बाईंच्या हातांवर स्वतः चढवले.

"घ्या दादा, आता मारा पिचकारी," तिने पहारेकऱ्याला सांगितलं. "तुमचा नियमही राहिला आणि यांची बोटंही." आणि बाईंच्या कानाशी वाकून म्हणाली, "नखं बघायची का माझी?"

"बघितली केव्हाच," बाई म्हणाल्या. "ठीक आहेत."

खिडकीशी तीच मुलगी होती. हिरवा दिवा. पुन्हा हिरवा. डाव्या करंगळीने मात्र जीव टांगणीला लावला. तिसऱ्यांदा ठेवल्यावर कुठे यंत्राने तिला मानलं. "आलं, आजी. दहाच्या दहा बोटं," मुलगी म्हणाली, आणि बाईंना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या परक्या मुलीचा मुका घ्यावासा वाटला. मधे काच होती म्हणून राहिला.

पासपोर्ट आला. बाकीची कागदपत्रं लेकीने आणि जावयाने तिकडून हलवली. बाई विमानात बसल्या, उतरल्या, लेकीच्या घरी पोचल्या. दार जावयाने उघडलं आणि तो चांगला चार हात मागे सरकला.

"आई, रागावू नका. बाहेरून आलेल्याने आधी काही दिवस वेगळं राहायचं, असा इथला नियम आहे. ही तुमची खोली."

हा नियम बाईंना कुणी विचारला असता तर त्यांनी दुप्पट दिवसांचा केला असता. त्या बॅग घेऊन आत गेल्या, आणि त्याच आठवड्यात बाळ आलं. त्याला पहिल्यांदा दुपट्यात कुणीतरी तिथल्याच परिचारिकेने गुंडाळलं. लेक बाळ घेऊन घरी आली, शेजारच्या खोलीत गेली, आणि बाईंचा फोन वाजला.

"आई, हा बघ तुझा नातू."

बाईंनी पडद्यावर पाहिलं. मग फोन ठेवून भिंतीवर थाप मारली आणि ओरडून सांगितलं, "मानेखाली हात धर गं त्याच्या!"

दुसऱ्या दिवशी घड्याळजींचा फोन आला.

"दिसला का नातू?"

"दिसला की. फोनवर."

"फोनवर तर मलाही दिसला. मग एवढी बोटं उगवून तिकडे जाऊन तू जास्त काय मिळवलंस?"

भिंतीपलीकडे बाळाने सूर लावला. बाई ऐकत राहिल्या.

"रडला की मला फोन न लावता ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"मग कानात कापूस घालून झोप."

"काहीतरीच काय सांगता," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पलंग ओढून भिंतीला लावला.