शेवटच्या माणसाच्या मागे

“तुमचं काम सगळ्यात सोपं आहे,” असं कुलसचिव म्हणाले, तेव्हाच ताई सावध झाल्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहा वर्षं हंगामी कारकून म्हणून काढल्यावर त्यांना एवढं कळलं होतं, की सोपं काम हंगामी माणसाकडेच येतं आणि अंगाशीही त्याच्याच येतं.

“आरोग्यदौडीत सगळ्यांच्या मागे तुम्ही. हातात हा हिरवा झेंडा. जो शेवटचा असेल त्याच्या पाठीमागून चालायचं, त्याला ओलांडायचं नाही. तुम्ही मैदानात पाय टाकलात की दौड संपली. मागच्या वर्षी वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक बागेतच राहिले, दुपारी माळ्याला सापडले. यंदा एकही माणूस मागे राहता कामा नये.” मग त्यांनी समोरच्या फायलीवर बोट आपटलं. “तुम्हाला कायम करण्याचा कागद सोमवारी माझ्यापुढे येतोय. म्हटलं, आधी बघू तरी.”

रविवारी सकाळी शिट्टी वाजली आणि पिवळ्या सदऱ्यांचा लोंढा फाटकातून असा सुटला, जशी झाडाखालची पिवळी फुलं एका झुळकीनं पळावीत. कुलसचिवही छातीवर क्रमांक लावून फोटोपुरते चार पावलं धावले. फोटोवाला काही कॅमेरा खाली करेना, म्हणून धावतच वळणाआड गेले.

ताई झेंडा घेऊन मागून निघाल्या. रसायनशास्त्राची इमारत गेली, पाण्याची टाकी गेली. रस्ता पुसून ठेवल्यासारखा रिकामा. आणि मग पुढे, वळणावर, एकुलता एक पिवळा सदरा दिसला. हात पाठीमागे बांधून एक काका रमतगमत चालले होते. ताईंचा जीव भांड्यात पडला. सापडला आपला शेवटचा माणूस.

काका बाकावर बसले. ताई दहा पावलांवर थांबल्या. काकांनी मागे पाहिलं, ताईंनी झाडाकडे पाहिलं. काका उठले.

“मी बसलो नव्हतो,” ते म्हणाले. “लेस बांधत होतो.”

“असू दे काका, होऊ दे सावकाश.”

“सावकाश म्हणे. म्हणजे तेही सांगणार.” काका पुटपुटत चालू लागले.

फोन वाजला. क्रीडासंचालकांचा. त्यांना सगळे भोंगेसर म्हणत, कारण त्यांचा आवाज फोन कानाला न लावताही ऐकू येई.

“ताई, किती राहिले?”

“एकच.”

“मग ढकला की त्याला. पाहुणे घड्याळाकडे बघतायत. आणि कुलसचिवसाहेबही कुठं दिसेनात. बहुतेक तुम्हालाच शोधायला निघालेत.”

ताईंच्या डोळ्यांपुढे सोमवारचा कागद फडफडला. तेवढ्यात काका सरळ मागच्या फाटकातून बाहेर पडले. आता काय करावं? ओलांडायचं नाही, सोडायचंही नाही. हंगामी माणसाला डोकं वापरायची मुभा कुठली? झेंडा उंच धरून त्याही भर रस्त्यावर आल्या.

काका बेकरीपुढे थांबले. काचेमागच्या क्रीमच्या बनांकडे त्यांनी असं पाहिलं, जशी सासरी निघालेली लेक आईकडे पाहते. मग झेंड्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि वळले.

“एकसुद्धा घेतला नाही. हे मात्र नीट सांग तिला.”

“कुणाला?”

“आता वेड पांघरू नकोस, पोरी. हिनंच पाठवलंय ना तुला पाळतीवर? डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलंय आणि मी बाकावर बसून घरी जातो, हे कळलेलं दिसतंय.”

“काका, तुम्ही दौडीतले नाही?”

“कसली दौड?”

“मग हा सदरा?”

“जावयानं दिलाय. त्याला घट्ट होतो.”

ताई बेकरीच्या पायरीवर मटकन बसल्या. म्हणजे खरा शेवटचा माणूस पोचला, की मागे कुठे आडवा पडला? सहा वर्षांचं सगळं त्यांनी काकांना एका दमात सांगून टाकलं, आणि सांगताना नाक तीनदा पुसलं.

काकांनी पँट वर ओढली. “एवढंच ना? मी होतो शेवटचा. या वयात शेवटचं म्हणवून घ्यायला कसली आलीये लाज? चल, ऊठ.”

आल्या वाटेनं परतून फाटकातून ते पुन्हा मार्गावर आले. दोघं मैदानात शिरले तेव्हा भोंगेसरांनी टाळ्यांचा पाऊस पाडला, जिद्दीचं पदक काकांच्या गळ्यात घातलं आणि दौड संपल्याचं जाहीर केलं. शेवटच्या रेषेवरची दोरी गुंडाळली गेली. ताईंनी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

तो बाहेर सोडायच्या आत कुंपणाआडून कुणीतरी कुजबुजलं, “ताई, इकडे या.”

कुलसचिव होते. एक बूट पायात, एक हातात. छातीवर क्रमांक तसाच.

“साहेब, तुम्ही मला शोधत होता?”

“बूट चावला हो. टाकीपाशी जरा टेकलो, तर तुम्ही झेंडा घेऊन आलात.” त्यांनी नजर चुकवली. “सगळ्यांदेखत शेवटचा कसा दिसू? टाकीमागे थांबलो, तुम्ही दिसेनाशा होईपर्यंत.”

ताईंच्या हातातला झेंडा खाली आला. “म्हणजे एक माणूस मागे राहिलाच की, साहेब.”

कुलसचिवांनी मैदानाकडे पाहिलं. तिथे भोंगेसर त्यांच्याच नावाचा पुकारा करत होते. त्यांनी छातीवरचा क्रमांक ओढून खिशात कोंबला आणि हात पुढे केला.

“झेंडा द्या.”

ताईंनी दिला.

“हा माझ्याकडे होता.”

“हो, साहेब.”

“सुरुवातीपासून.”

“हो, साहेब. सगळ्यांच्या मागे तुम्हीच होता.”

कुलसचिवांनी त्यांच्याकडे जरा टक लावून पाहिलं. मग चावरा बूट कसाबसा चढवला, झेंड्याची काठी टेकत टेकत ते मंचाकडे निघाले, आणि दोन पावलांवर थांबून, मागे न वळता म्हणाले,

“कागद सोमवारपर्यंत कशाला ठेवायचा? भाषण झालं की घेऊन या. पेन माझ्याकडे आहे.”