बाळंतिणीची मोरी

अंधेरीला, वर्सोव्याच्या रस्त्यावर आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी धाकलीबाय कोळीण बसायची. बोंबील, मांदेली, पाकट, हवं ते मागा, मुकाट्यानं द्यायची. पण मोरीकडे, म्हणजे मुशीच्या, शार्कच्या, लहान पिल्लाकडे, कुणी बोट दाखवलं की अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारायची, "घरान बालंतीन हाय का?"

नसेल तर मोरी नाही. मोरी खाल्ली की बाळंतिणीला दूध येतं, हे आम्हा कोकणातल्या माणसांना ठाऊक असतं. पण म्हणून बाकीच्यांनी ती खाऊच नये, हा कायदा कुठला? तळमजल्यावरच्या साठीतल्या परबकाकांनाही तिनं हेच विचारलं. ते पुढे आठवडाभर मागच्या फाटकातून ये-जा करत होते.

"मावशी, असा धंदा करतात का?" मी एकदा म्हणालो.

"दर्याला इचारून सांगते."

हे तिचं कुठल्याही प्रश्नाला उत्तर. मासा ताजा आहे का? दर्याला इचारून सांगते. पाकटाच्या शेपटीतला काटा ती कापून कागदात गुंडाळायची आणि टोपलीत परत टाकायची. का, तर काटा घरात गेला की नवराबायकोची भांडणं होतात. आमची भांडणं काट्यावाचूनही व्यवस्थित चालली होती, पण तिला कोण सांगणार?

तिच्या मुलाची लहानशी होडी होती. तो जाळं टाकायचा बोंबलासाठी, त्यात मोरी आणि पाकट आपण होऊन यायचे. ती मोरी टोपलीत पडून राहायची, आणि दिवाळीनंतर नुकताच तिथे राहायला आलेला मी ऑफिसला जाताना तिच्याकडे बघत लाळ गिळायचो. आमच्या घरी मोरीचं सुकं म्हणजे सण.

शेवटी एका बुधवारी जीभ घसरली. "आहे बाळंतीण. माझी बायको."

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"कवऱ्या महिन्यांची?"

"चार."

धाकलीबाय माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, मेलो, पकडलं. पण तिनं टोपलीतल्या दोन चांगल्या मोऱ्या निवडून साफ करून दिल्या आणि म्हणाली, "लसून जास्ती घाल. मिरची नको."

इथून माझी वाट लागली. ती दर दोन दिवसांनी माझ्यासाठी मोरी बाजूला ठेवायची आणि मुलीची चौकशी करायची. पालथी पडते का? दात आला का? मी ऑफिसात बसून नसलेल्या मुलीचे महिने मोजू लागलो. एकदा दात आल्याचं सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात म्हणालो, अजून बोळकं आहे. तिनं नुसती मान हलवली. हिला खरं वाटतंय की ही माझी फिरकी घेतेय, मला कळेना. बायकोला, सुनंदाला, मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती म्हणायची, "एवढी मोरी मिळते कुठून रे तुला?" मी म्हणायचो, ओळख आहे.

पुढे वैशाखात एका रविवारी सकाळी दार वाजलं. सुनंदानं उघडलं. बाहेर डोक्यावर टोपली घेतलेली धाकलीबाय, तीन जिने चढून धापा टाकत.

"पोरीला बघाया आलू."

"कुठल्या पोरीला?" सुनंदा म्हणाली.

मी खुर्चीतून उठलो. धाकलीबाय आत आली, टोपली उतरवली. पाळणा नाही, दोरीवर दुपटं नाही. तिनं सगळं शांतपणे पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

मी हात जोडले. "मावशी, खोटं बोललो. मोरीसाठी."

"मना पैल्या दिसापासून ठाव हाय. बालंतिनीचे घरचे मानसाला धुरीचा वास येतो. तुजे अंगाला साबनाचा येत व्हता."

"मग मोरी कशाला दिलीस? विचारत कशाला राहिलीस?"

मला वाटलं, आता दर्याला विचारील. पण ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"माजी पोर आषाढान बालंतीन झाली. होड्या काठाला. अख्ख्या कोलीवाड्यान मोरी नाय. तिला दूध नाय आला. मंग ताप आला, गेली. नारली पुनवेला पैली मोरी जाल्यान आली, तवा ती नव्हती. नात हाय. जावयानं दुसरा लगीन केला. सासरची मना येव देत नाय. म्हनतान, आजीला बघून पोर रडते."

आषाढातली मुलगी. मी चार महिने म्हणालो, तेव्हा तीही चारच महिन्यांची होती. आता तिला वर्ष होत आलं होतं. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तू सांगायचास ना, दात आला, रांगते. मी घरान जाऊन, डोले मिटून, तवरीच तिला बघायची." तिनं डोळे पुसले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "मंग? चालाया लागली का?"

मी सुनंदाकडे पाहिलं.

"लागली, मावशी," सुनंदा तिच्याशेजारी बसत म्हणाली. "भिंत धरून. काल पडली, पण रडली नाही."