मयेकरभावोजींची डॉक्टरीणबाई

अंतराळयानाला गंज का लागत नाही, या प्रश्नावरून मयेकरभावोजी माझ्याशी रोज संध्याकाळी भांडतात. ईरा, नील, याला जबाबदार तुम्ही. मागच्या सुट्टीत माझ्या टीव्हीवर ती कोरियन मालिका लावून दिलीत आणि परत गेलात. आजी एकटी बघत बसेल असं तुम्हाला वाटलं असणार. पण शेजारच्या दगडी गडग्यावरून भावोजींना माझ्या पडद्यावर एक जहाज दिसलं. ते आकाशात होतं ही बाब त्यांच्या लेखी किरकोळ.

भावोजी मूळचे पूर्णगडचे. सगळं आयुष्य मालवाहू बोटींवर सारंग म्हणून गेलं. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्यांची बायको मालती माझी मैत्रीण. ती फार लवकर गेली, आणि बोटी सोडून रत्नागिरीला परतल्यापासून भावोजी शेजारी एकटेच राहतात. यानाचा कप्तान खुर्ची सोडून उठला की हे आपल्या खुर्चीतून अर्धे उठतात.

"मेल्या, वॉच कोणाकडे दिलास?"

वॉच म्हणजे बोटीवरची पहाऱ्याची पाळी. कप्तान उत्तर देत नाही. मग ते मला विचारतात.

गंजाचा वाद पहिल्याच भागात सुरू झाला. यानावरचे खलाशी दिवसभर करतात काय, एकाच्याही हातात ब्रश नाही, खरवडणी नाही, नुसती बटणं दाबतात, अशी त्यांची तक्रार. मी शांतपणे समजावलं की अवकाशात पाणी नाही, हवा नाही, गंज येणार कुठून? त्यांनी चहाचा घोट घेऊन विचार केला. "आत माणसं श्वास घेतात ना, वहिनी? मग आतून लागेल." मालिकेच्या लेखकाने पाणी फक्त बाटलीत बघितलं आहे, हे त्यांचं मत तेव्हापासून पक्कं आहे.

कामाची वाटणी आपोआप झाली. लेखनाची परीक्षा माझ्याकडे, अभिनयाची त्यांच्याकडे. खालची इंग्रजी अक्षरं मी मराठीत वाचून दाखवायची, कारण भावोजी चष्मा नेमाने घरी विसरत. एखादा संवाद पोकळ निघाला की मी चिडायची. त्यांचं संवादाकडे लक्षच नसे; ते नटांचे पाय बघत. बोटीवरचा माणूस पाय फाकून चालतो, हा कप्तान बँकेत पासबुक भरायला निघाल्यासारखा चालतो, म्हणून तो नट बाद. नायिकेच्या रडण्याने माझे डोळे भरून आले, तेव्हा ते म्हणाले, "रडते बरी. पण यान एवढं हलतंय, तिने कशाला तरी धरायला नको?"

एका बाईबद्दल मात्र आमचं एकमत होतं. यानावरची म्हातारी डॉक्टरीण. तिला वाक्यं थोडी, आणि मला तिचं गप्प राहणंच जास्त आवडे. भावोजींना आवडे तिचा डावा हात. कुणाशीही बोलताना तो कठड्यावर असायचा. ही बाई नक्की बोटीवर राहून आलेली आहे, असं ते म्हणत, आणि ती पडद्यावर आली की आवाज न करता चहा पीत.

मग माझ्या डोळ्याचा पडदा फाटला. तुम्हाला माहीतच आहे, माझा दुसरा डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे वाचणं, लिहिणं, फोनवर तुमचे चेहरे बघणं, सगळं या एका डोळ्यावर. ऑपरेशन करून डॉक्टरांनी आत वायूचा बुडबुडा सोडला. तो जागेवर राहावा म्हणून मला दिवसरात्र पालथं पडून राहायचं होतं. ताण घ्यायचा नाही, रडायचं तर मुळीच नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. पडदा चिकटला तर दिसणार होतं.

भावोजींनी जुन्या कॅनव्हासची उशी शिवून आणली, मधे तोंडापुरतं भोक ठेवून. शिवण अशी, की तिने नांगरसुद्धा तोलला असता. आणि संध्याकाळी ते प्रथमच चष्मा घेऊन आले. टीव्ही लावला. मी जमिनीकडे तोंड करून ऐकायची, ते अक्षरं वाचून गोष्ट सांगायचे.

सुरुवात रोज एकच. "तुमची डॉक्टरीणबाई मजेत आहे."

बाईंचा आवाज कसा आला नाही, असं मी अधूनमधून विचारी. "ती कमीच बोलते," भावोजी म्हणत. तेही खरंच होतं. त्या दिवसांत बाईंचं काम बरंच वाढलं. यानाबाहेर दुरुस्तीला गेलेली माणसं आत येईपर्यंत ती जेवेना. त्यांची ताटं झाकून ठेवी आणि घडोघडी झाकण उचलून बघे, बघितल्याने जेवण गरम राहतं अशा थाटात. लेखक अचानक सुधारला, असं मला वाटलं. एका भागात तर खलाशी चक्क गंज खरवडायला बसले. तेव्हा तरी मला संशय यायला हवा होता.

पडदा चिकटला. भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे मी पुन्हा एकेक करून वाचले आणि मुकाट्याने हात जोडले. मग राहिलेले भाग बघू म्हटलं, तर भावोजी टाळायला लागले. सगळं सांगितलंय की, पुढचं लावा, म्हणायचे. एका सकाळी ते मासळी आणायला गेल्यावर मी एकटीने टीव्ही लावला. मी न बघितलेल्या पहिल्याच भागात डॉक्टरीणबाई मरण पावली होती. त्यानंतर कुठे तिचं नावही नव्हतं. ताटं नव्हती, आणि गंजही नव्हता.

संध्याकाळी चहा देताना मी एवढंच म्हटलं, "भावोजी, बाई तर पहिल्याच दिवशी गेली."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही पालथ्या. रडला असतात तर?"

मग त्यांनी सांगितलं, बोटीवर त्यांची पद्धत होती, घरची वाईट बातमी आली की बंदर लागेपर्यंत त्या माणसाला सांगायची नाही. पाण्यावर तो करणार काय? मालती गेली तेव्हा बोट भर समुद्रात होती. कप्तानाला कळलं होतं. तो रोज संध्याकाळी भावोजींशी पत्ते खेळायचा आणि हरायचा. नांगर पडल्यावर त्याने सांगितलं.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"नाही. तेवढे दिवस ती होती की, माझ्यापुरती."

मला मालतीचं स्वयंपाकघर आठवलं. भावोजींची बोट मुंबईला लागली असं कळलं, की ती त्यांचं ताट वाढून झाकून ठेवायची, आणि माझ्याशी गप्पा मारता मारता उठून झाकण उचलून बघायची. स्वतः जेवायची नाही. मी तिला हसायची.

ज्या माणसाने न लागलेला गंजही लेखकाला माफ केला नाही, तो माझ्या एका डोळ्यासाठी रोज संध्याकाळी खोटं लिहीत होता. त्याच डोळ्याने बघून मी तुम्हाला हे लिहिते आहे.

त्या संध्याकाळी मी टीव्ही लावलाच नाही. म्हटलं, "ती बाहेर गेलेली माणसं आत आली का हो? बाई ताटं झाकून बसली होती ना?"

भावोजींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि खिशात ठेवला.

"यायचीत अजून," ते म्हणाले. "पण ती थांबलीय."