वाघीणबाईंच्या कपाळावरचा हिरा

एका जंगलात, पोरांनो, सगळं काही उत्तम चाललं होतं. तसा ठरावच पास झाला होता, त्यामुळं शंकेला जागा नव्हती.

तिथं वाघीणबाईंचं राज्य होतं. बाईंच्या कपाळावर अंड्याएवढा खडा होता. पाण्यासारखा स्वच्छ, लखलखीत. त्याला हिरा म्हणायचं, असा हुकूम होता. तो तरसशेठनं आणून दिला होता. तरसशेठ आधी मेलेल्या जनावरांची हाडं गोळा करायचा. मग एकदम जवाहिऱ्या झाला. कसा झाला ते विचारायचं नाही. शिकलेली जनावरं असलं काही विचारत नाहीत.

दर वर्षी हिऱ्याचं दर्शन असायचं. रांगेनं यायचं, कपाळाकडं बघायचं, "काय तेज" म्हणायचं आणि पुढं सरकायचं. पुढं केळं मिळायचं.

त्याच जंगलात दगडांच्या टेकडीवर गेनबा साळिंदर राहायचा. चार पिढ्या एकाच बिळात. बायको ठकू, तिचे दिवस भरत आलेले.

"दर्शनाला जा, केळं घ्या आणि तोंड उघडू नका," ठकूनं बजावलं होतं.

गेनबा रांगेतून पुढं आला. त्यानं कपाळ नीट बघितलं आणि म्हणाला, "बाईसाहेब, ही गारगोटी आहे."

रांग थांबली. सगळ्या जनावरांना एकाच वेळी स्वतःच्या पायांकडं बघावंसं वाटलं.

"सहा बाजू आणि वर टोक," गेनबा म्हणाला. "आमच्या बिळात असल्या पसाभर पडल्यात. आमचं थोरलं त्यावर दात घासायचं. दगड गुणाचा आहे. एकावर एक आपटला की ठिणगी पडते. पण हिरा नव्हं."

तरसशेठ हसला. तो कायमच हसायचा, त्यामुळं त्याला कधी राग आला ते कळायचं नाही.

"मग हिरा कसा असतो, गेनबा?"

"टेकडीवरच्या ओढ्यात सापडलाय मला एक. दाखवू?"

झालं. एवढं एक वाक्य पोटात ठेवलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्ही जेवायला गेला असता.

वाघीणबाईंनी परीक्षा समिती नेमली. समितीत एकटा हत्ती होता, कारण तो बसल्यावर दुसऱ्या कुणाला जागा उरली नाही. अट साधी होती. गेनबा खरा ठरला तर त्याला शाल. खोटा ठरला तर टेकडी सरकारजमा. कागद तरसशेठनं आधीच करून आणला होता. टेकडीच्या चतुःसीमाही त्यात बरोबर होत्या.

ठकूला हे कळलं तेव्हा तिचे काटे खुळखुळले.

"जिंकलात तर शाल?"

"हो."

"आणि ती काट्यांवर बसणार कशी?"

गेनबा खडा काढायला बिळात शिरला.

परीक्षेचा दिवस उजाडला. गेनबानं खडा काढला. बोराएवढा, तुरटीसारखा मळकट, वरून तेलकट. जनावरं फिदीफिदी हसली.

"दोन्हींवर तोंडाची वाफ सोडा," गेनबा म्हणाला.

हत्तीनं वाफ सोडली. गेनबाच्या खड्यावरची वाफ लगेच उडाली. बाईंच्या खड्यावरची बराच वेळ तशीच राहिली.

"बघा. हिऱ्यावर वाफ टिकत नाही."

"म्हणजे समितीचा श्वास याला झेपत नाही," हत्ती म्हणाला. "लिहा. खडा उद्धट आहे."

मग गेनबानं आपला खडा बाईंच्या खड्यावर घासला. बाईंच्या खड्यावर पांढरी रेघ उमटली. उलटं करून बघितलं, तर गेनबाच्या खड्यावर काहीच उठलं नाही.

"कोण कठीण, ते दिसलं ना?"

"दिसलं," हत्ती म्हणाला. "बाईंचा हिरा सोशिक आहे. तुझा भांडखोर आहे."

 वाघीणबाईंनी पंजा कपाळावर ठेवला, तो परीक्षा संपेपर्यंत खाली घेतलाच नाही.

तेव्हा तरसशेठ पुढं झाला. "खरा हिरा घणानं फुटत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"शेंबड्या पोरालाच माहीत आहे," गेनबा म्हणाला. "शेठ, हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, पण घाव बसला की तो फुटतो. लाकूड कसं रेषेवर चिरतं, तसा चिरतो. घासून बघायचा दगड आहे, आपटून नव्हं."

"फुटतो म्हणतोस? मग हिरा कसला?"

"बरं. मग दोन्ही आपटा."

"बाईंचा हिरा कपाळावर आहे," हत्ती म्हणाला. "कपाळावर घण घालायचा का?"

सगळा दरबार हसला. गेनबाच्या खड्याला कपाळ नव्हतं. हत्तीनं सोंडेत घण घेतला आणि मारला. खड्याचे तीन तुकडे झाले. सुरीनं कापावेत तसे गुळगुळीत.

निकाल लागला. टेकडी गेली. जनावरं केळी खाऊन घरी गेली.

गेनबा तुकडे वेचायला परत वळला आणि एका वारुळाआडून बघतो, तर तिथं तरसशेठ आधीच वाकलेला. इकडंतिकडं बघून त्यानं एका तुकड्यावर हळूच वाफ सोडली. वाफ लगेच उडाली. त्यानं पुन्हा सोडली. पुन्हा उडाली.

तरसशेठ हसायचा थांबला. जन्मात पहिल्यांदा.

चार दिवसांनी टेकडीवर पाटी लागली: 'जनहितार्थ गारगोटी उत्खनन. परवानाधारक तरसशेठ.' गारगोटीच्या राखणीला बारा लांडगे होते. ठकू बाभळीखाली बाळंत झाली. पोराला दात आले तेव्हा घासायला आसपास गारगोटीचा खडासुद्धा नव्हता.

पुढच्या वर्षी पुन्हा दर्शन झालं. खड्यावरच्या पांढऱ्या रेघेला आता 'अस्सलपणाची खूण' म्हणायचं होतं. गेनबा रांगेतून घरी आला.

"काय म्हणालात?" ठकूनं विचारलं.

"काय तेज, म्हणालो."

ठकूनं पोराला मांडीवरून उतरवलं आणि केळं सोलायला घेतलं.

तात्पर्य: खऱ्या-खोट्याची पारख करायला जरूर शिका, पोरांनो. तरसशेठला ती येत होती, म्हणून त्याचं भलं झालं. गेनबालाही येत होती, पण तो गाढव ती मोठ्यानं करायला गेला.