गुडघ्याचं माप

चाळीस वर्षं मी लोकांची मापं घेतली. माझं माप चुकलं असं दुकानात येऊन कोणी म्हणालं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी शोभा आहे.

मेव्हणी आली ती डबा घेऊन. वर चकचकीत कागद, आत पांढरी पूड.

"ताई, ही साधी साखर नव्हे. आठ प्रकारच्या साखरा आहेत. आपल्या पेशी या साखरांमधून एकमेकींशी बोलतात. साखर कमी पडली की बोलणं बंद. म्हणून तुझा गुडघा सुजतो."

"तुझ्या पेशींना कधी कमी पडलेली दिसत नाही," मी म्हणालो.

"भाऊजी, विज्ञान आहे हे. कागदावर छापलंय."

(छापलेलं सगळं खरं असतं तर काय! माझ्या पाटीवर 'कपडे वेळेवर मिळतील' असं छापलंय.)

इथवर मी ऐकून घेतलं. पण ती पुढे म्हणाली, "महिनाभर घे. सूज उतरली की समज, पेशी सुधारल्या. मग ती रक्तदाबाची गोळी सोडून दे."

बायकोने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "अकरा वर्षं गिळतेय. सुटली तर बरंच."

सासूबाई रक्तदाबानेच गेल्या. भांडी घासता घासता. मी तिथे होतो.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा डॉक्टर पँटचं माप द्यायला आला. मी खाली बसूनच विचारलं. तो म्हणाला, "पेशींवर साखरेचं आवरण असतं, हे खरं. पण त्या साखरा शरीर रोजच्या जेवणातून स्वतःच बनवतं. वरून पूड खाऊन गुडघा बरा झाल्याचा पुरावा मी तरी पाहिलेला नाही."

"म्हणजे शिंप्याने रीळ गिळलं म्हणून सदरा शिवून होत नाही."

"नेमकं. आणि गोळी बंद करू देऊ नका."

हे मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, "त्यांची पँट तुमच्याकडे आहे. ते दुसरं काय बोलणार?"

तेव्हा मी ठरवलं. "टेप सांगेल. महिन्याने सूज उतरली तर तुझं खरं. नाही उतरली तर डबा बाहेर. तोवर गोळी चालू."

"कबूल."

मेव्हणी साक्षीला बसली. मी गुडघ्याभोवती टेप फिरवला आणि बोललो, "साडेसोळा." बायकोने मापाच्या वहीत लिहिलं. (वही तीच लिहिते. माझं अक्षर मलाच लागत नाही.)

त्या महिन्यात मी आणखी एक काम केलं. रोज सकाळी ती आंघोळीला गेली की डब्यातली दोन चमचे पूड मी खायचो. तिच्या पोटात कमी जावी म्हणून. चार दिवसांनी दोनाचे चार चमचे केले. (गोड होती. खोटं कशाला बोलू?) डबा लवकर संपला. मेव्हणीने दुसरा आणून दिला. मी हटलो नाही.

महिना भरला. मेव्हणी तिसरा डबा घेऊन हजर. या वेळी मी चष्मा लावला, टेप नीट धरला, आकडा वाचला. पुन्हा धरला, पुन्हा वाचला.

"किती?" बायकोने विचारलं.

"साडेपंधरा."

"इंचभर उतरली!" मेव्हणी ओरडली. "ताई, फेक ती गोळी!"

बायकोने फळीवरून गोळ्यांचं पाकीट काढलं.

मी टेपकडे पाहत राहिलो. मग डोक्यात उजेड पडला. गुडघ्याचं माप बोलताना मी नेहमी एक इंच लूज धरून बोलतो. नाहीतर गिऱ्हाइकाला बसता येत नाही. पहिल्या दिवशी टेपवर साडेपंधराच होते. तोंडाने सवयीने साडेसोळा म्हटलं. आज चष्मा लावून वाचलं, तर लूज राहून गेला.

बोललो तर चाळीस वर्षांची इज्जत गेली. नाही बोललो तर गोळी गेली.

"थांब," मी म्हणालो. "माझं माप चुकलं होतं."

मेव्हणीचा आ वासलेलाच राहिला. बायको म्हणाली, "काय?"

"ऐकलंस की."

"पुन्हा म्हणा."

"चुकलं होतं! पहिल्या दिवशी मी लूज धरून बोललो. गुडघा होता तेवढाच आहे. गोळी बंद करायची नाही."

तिने पाकिटातली एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर शांतपणे गिळली. मग मापाची वही माझ्यापुढे उघडली. तिच्या अक्षरात लिहिलं होतं: गुडघा, साडेपंधरा.

"माझ्या गुडघ्याला काही पँट शिवायची नव्हती," ती म्हणाली. "म्हणून मी टेपवर बघून लिहिलं."

"मग महिनाभर गप्प का बसलीस?"

"पूड घेऊन बघायची होती. गोड लागली, गुडघ्याला पत्ताही नाही. आणि गोळी मी सोडते होय? आईला मीही पाहिलंय. तुमच्या तोंडून 'चुकलं' ऐकायला चाळीस वर्षं थांबले. एक महिना काय जड होता?"

मेव्हणीने तिसरा डबा हळूच पिशवीत टाकला. दारात मात्र वळली. "पण ताई, तू एकच चमचा घ्यायचीस ना? मग महिन्यात दोन डबे संपले कसे?"

बायकोने माझ्या गळ्यातला टेप काढून माझ्या कमरेभोवती टाकला. मी पोट आत ओढलं.

"श्वास सोडा."

सोडला.

"एकोणचाळीस."

गेल्या महिन्यात छत्तीस होती. "लूज धरून ना?" मी विचारलं.

"नाही," ती वहीत लिहिता लिहिता म्हणाली. "टेपवर बघून."